गाईंची काससुजी : प्रतिजैविकाशिवाय उपचार, कोठे आणि कोठवर

करमाळा तालुक्यातील केम हे पुणे-सोलापूर लोहमार्गावरील गाव कुंकवाच्या धंद्यासाठी ओळखले जाते. पिवळ्या हळदीवर चुना किंवा टाकणखार यांसारख्या अल्कधर्मी पदार्थाची क्रिया झाली की ती लाल होते, हे केमच्या माणसाला सांगावे लागत नाही. अलीकडच्या वर्षांत हीच लाल झालेली हळद गाईच्या कासेवरही दिसू लागली आहे. कोरफड, हळद आणि चुना यांचा लेप काससुजीवर लावण्याची पद्धत पारंपरिक पशुउपचारांच्या अभ्यासातून पुढे आली. आणंद येथील राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने तिचा देशभर प्रसार केला आहे.

शेतकरी बंधू-भगिनींनो, मी पीकशास्त्र शिकवितो, पशुवैद्यक नव्हे. तरीही शेतकरी मेळाव्यात उसाचा किंवा ज्वारीचा विषय संपला की कोणीतरी हमखास विचारतो, "सर, गाईला दगडी झालीय. इंजेक्शन न देता भागेल का?" पावसाच्या भरवशावरील शेतात खरीप गेला तरी दुधाचा दहा दिवसांचा पगार घर चालवितो, त्यामुळे हा प्रश्न पिकाच्या प्रश्नाइतकाच मोलाचा आहे. त्याचे उत्तर असे की, भागते; पण सगळ्या गाईंचे भागत नाही. कोणत्या गाईचे भागेल, हे दुखणे सुरू झाल्याच्या पहिल्याच दिवशी ठरवावे लागते. प्रस्तुत लेखात मुख्यतः हे ठरवायचे कसे, याचीच माहिती दिली आहे.

दुखणे नेमके कोठे असते

गाईच्या कासेचे चार कप्पे असतात व प्रत्येकाचा सड स्वतंत्र असतो. एका कप्प्यातील दूध दुसऱ्यात जात नाही. म्हणूनच एक सड दुखतो आणि बाकीचे तीन ठणठणीत राहतात. मागच्या दोन कप्प्यांत एकूण दुधाच्या साधारण साठ टक्के दूध तयार होते, त्यामुळे मागचा सड गेला तर नुकसान अधिक. दिवसाला बारा लिटर देणाऱ्या गाईचा एक कप्पा निकामी झाला तर ढोबळमानाने रोजचे तीन लिटर गेले. उरलेले कप्पे थोडी भरपाई करतात, पण तिसडी गाय बाजारात उभी केली की गिऱ्हाईक प्रथम तेवढेच पाहते.

रोगजंतू बहुधा सडाच्या टोकावरील छिद्रातून आत शिरतात. त्यांचे ढोबळ दोन गट आहेत. पहिला गट एका गाईकडून दुसरीकडे धार काढणाऱ्याच्या हाताने, कापडाने किंवा यंत्राने जातो. स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि स्ट्रेप्टोकॉकस अगॅलॅक्टी हे त्यांतले प्रमुख. दुसरा गट शेण, मूत्र, चिखल व ओली बैठक यांत वाढतो. ई. कोलाय हा त्यातला सर्वांच्या परिचयाचा. हा भेद पाठ करण्यासाठी सांगत नाही. कोणते जंतू कासेत शिरले आहेत यावरच लेपाने भागणार की नाही, हे पुष्कळसे अवलंबून असते.

पहिल्या धारा काळ्यावर पाहाव्यात

दररोज धार काढण्यापूर्वी प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या रंगाच्या वाटीत किंवा काळे कापड ताणून बांधलेल्या भांड्यात घ्याव्यात. पांढऱ्या बादलीत गाठी दिसत नाहीत, काळ्यावर लगेच दिसतात. दुधात गाठी, दह्यासारखे कण, पाणचटपणा, पिवळी किंवा लालसर छटा दिसली तर तो सड आजारी समजावा. या धारा गोठ्याच्या जमिनीवर सोडण्याची आपल्याकडे सर्रास सवय आहे, ती मोडावी. ज्या जागेवर थोड्या वेळाने गाय बसणार, तेथेच आपण जंतू पेरत असतो.

काससुजीचा मोठा भाग मात्र डोळ्यांना दिसतच नाही. दूध चांगले दिसते, कास मऊ असते, फक्त दूध हळूहळू घटते. याला सुप्त काससुजी म्हणतात. ती ओळखण्यासाठी घरच्या घरी एक चाचणी करता येते. अर्धा लिटर स्वच्छ पाण्यात १५ ग्रॅम धुण्याची पावडर तोलून विरघळवावी. चार सडांचे थोडे थोडे दूध चार वाट्यांत वेगवेगळे घ्यावे, प्रत्येकात तेवढेच हे द्रावण घालून वाटी अर्धा मिनिट गोल फिरवावी. निरोगी सडाचे मिश्रण पाण्यासारखे सरळ फिरते. सुप्त काससुजी असेल तर ते घट्ट, चिकट, कधी शेंबडासारखे होते. कासेत दाह असला की दुधात पांढऱ्या पेशी वाढतात. साबण त्या पेशी फोडतो आणि आतील पदार्थाने मिश्रण घट्ट होते. अमेरिकेत १९५७ साली प्रसिद्ध झालेली कॅलिफोर्निया चाचणी याच तत्त्वावर आधारलेली आहे. विल्यानंतरचे पहिले आठ-दहा दिवस आणि गाय आटत आलेली असताना ही चाचणी फसवी ठरते, म्हणून त्या काळात तिच्यावर विसंबू नये. चाचणीचे दूध फेकून द्यावे.

प्रतिजैविक टाळण्याचे कारण

सडात नळी सोडली किंवा इंजेक्शन दिले की औषधाचा अंश दुधात उतरतो. अशा दुधाला विरजण लावून पाहा, दही नीट लागत नाही, कारण विरजणातले उपयुक्त जंतूही त्या औषधाने मरतात. दुधातील अशा अवशेषांवर कायद्याने मर्यादा घातलेली आहे. औषधाच्या वेष्टनावर जितके दिवस दूध वगळण्यास सांगितले असेल तितके दिवस ते डेअरीला घालता येत नाही. एका गाईचे दूध कॅनमध्ये गेले तर साऱ्या कॅनचे नुकसान होते.

दुसरे कारण आपल्या पीकवाल्यांना लवकर पटते. कपाशीवर एकाच गटातील कीटकनाशक पुन:पुन्हा फवारून हिरवी बोंडअळी कशी दाद देईनाशी झाली, हे जुन्या कापूस उत्पादकांनी पाहिले आहे. जंतूंचेही तेच होते. गरज नसताना, अर्धवट मात्रेत, एक दिवस देऊन दुसऱ्या दिवशी बंद केलेले प्रतिजैविक पुढच्या दुखण्यात निकामी ठरते. युरोपीय संघाने २८ जानेवारी २०२२ पासून लागू केलेल्या कायद्याने सरसकट प्रतिबंधक म्हणून जनावरांना प्रतिजैविके देण्यास मनाई केली आहे.

परंतु प्रतिजैविक कमी वापरणे आणि मुळीच न वापरणे यांत फरक आहे. तो विसरला की गाय जाते.

या गाईसाठी लेप नव्हे, डॉक्टर

कासेला हात लावण्यापूर्वी गाईकडे पाहावे. ती चाऱ्याला तोंड लावते का, रवंथ करते का, उठते का? गुदद्वारात तापमापी धरून ताप पाहावा. गाईचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२ अंश फॅरनहाइटच्या आसपास असते. १०३.५ च्या वर ताप, खाणे व रवंथ बंद, डोळे खोल, पातळ हगवण, अंगात कापरे किंवा गाय बसून राहणे, यांपैकी काही दिसले तर विष रक्तात भिनू लागले आहे असे धरावे. त्याचप्रमाणे कास निळसर, काळपट आणि हाताला थंडगार लागत असेल, सडातून दुधाऐवजी पिवळे पाणी किंवा रक्तमिश्रित पाणी येत असेल, तर काम दिवसांचे नसून तासांचे आहे. अशा गाईला सलाईन, दाह कमी करणारे औषध व प्रतिजैविक पशुवैद्यकांच्या हातूनच मिळाले पाहिजे. १९६२ या क्रमांकावर फोन करून फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठीही संपर्क साधता येतो.

नुकत्याच विलेल्या गाईबाबत विशेष जपावे. कान थंड पडलेले आणि गाय बसलेली असेल तर तो दुग्धज्वरही असू शकतो. त्यात कॅल्शियम द्यावे लागते. तीव्र काससुजीतही गाय अशीच दिसते. घरी बसून हा फरक ठरवू नये.

तापाची शिल्लक उतरलेली नसताना गाय खात नाही म्हणून मालक फक्त लेप लावीत राहिला, आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना बोलाविले, तर तोपर्यंत कप्पा मेलेला असतो, कधी गायही. लेप वाईट नसतो. तो चुकीच्या गाईला लावलेला असतो.

ज्या गाईला थांबून पाहता येते

गाय नेहमीसारखी खाते, ताप नाही, एकाच सडाच्या दुधात थोड्या गाठी आहेत, कास किंचित गरम किंवा कडक आहे, अशा सौम्य दुखण्यात पुढील उपचार करून एक-दोन दिवस वाट पाहणे योग्य ठरते. पशुवैद्यकांच्या कानावर मात्र घालून ठेवावे.

लेपाची एका दिवसाची मात्रा अशी आहे. कोरफडीचे पान २५० ग्रॅम, हळद पूड ५० ग्रॅम आणि खाण्याचा चुना १५ ग्रॅम. कोरफडीच्या कडांचे काटे काढून तुकडे करावेत व तिन्ही जिन्नस एकत्र वाटावेत. मिश्रण लालसर झाले म्हणजे चुना व हळद नीट मिसळली. आजारी सडातील दूध पूर्ण काढून टाकावे, कास स्वच्छ पाण्याने धुऊन पुसावी. मूठभर लेप दीड-दोनशे मिलिलिटर पाण्यात पातळ करून साऱ्या कासेवर लावावा. दिवसातून सुमारे दहा वेळा, असे पाच दिवस करावे लागते. दहा वेळा हा आकडा ऐकून पुष्कळ जण हसतात आणि सकाळ-संध्याकाळ लावून मोकळे होतात. मग गुण आला नाही तर बोल लेपाला. लेप दररोज ताजा करावा. याच उपचारात लिंबाचे दोन तुकडे करून ते तीन दिवस दिवसातून दोन-तीन वेळा गाईला खाऊ घालण्यास सांगितले आहे.

चुन्याच्या बाबतीत काळजी घ्यावी. पानाला लावतो तो भिजलेला चुनाच घ्यावा. कळीचा चुना किंवा भिंतीला देण्याचा चुना वापरल्यास कातडी भाजते. मात्राही अंदाजाने वाढवू नये. केम परिसरातील वाचकांना आणखी एक सूचना. कुंकू हा हळदीचाच पदार्थ असे समजून कुंकवाची पूड कासेला लावू नये. बाजारातील कुंकवात पिष्ट व कृत्रिम रंग असू शकतो. स्वयंपाकाची हळद किंवा घरी दळलेले हळकुंडच वापरावे. धार काढण्यापूर्वी लेप पूर्ण धुऊन सड कोरडे करावेत, नाही तर दुधाला रंग चढतो.

लेपाने प्रतिजैविकाचा अंश दुधात येत नाही, हे खरे. पण याचा अर्थ आजारी सडाचे दूध विकण्याजोगे आहे असा नव्हे. गाठीचे दूध कॅनमध्ये घालू नये, वासरालाही पाजू नये.

याच्या जोडीला आजारी सड दिवसातून चार-पाच वेळा हलक्या हाताने रिकामा करावा. त्यामुळे गाठी व विषारी द्रव्ये बाहेर पडतात, ताण कमी होतो. मात्र केवळ पिळण्याने जंतू मरत नाहीत. सुरुवातीच्या गरम, लाल सुजेवर थंड पाणी मारावे. जुन्या, कडक, पण थंड गाठीवर कोमट पाण्याचा शेक द्यावा. गाय दुखण्याने लाथ मारीत असेल तर पशुवैद्यक मेलोक्सिकॅमसारखे वेदनाशामक देतात. तेही प्रतिजैविक नव्हे, आणि ते कमीपणाचे मुळीच समजू नये. दुखणे थांबले की गाय खाते आणि खाणारी गाय लवकर सावरते. त्याचे दूध किती वेळ वगळायचे हे विचारून घ्यावे. डायक्लोफेनॅक मात्र जनावरांना देऊ नये. ते दिलेले जनावर मेल्यास त्याचे मांस खाणारी गिधाडे मरतात, म्हणून भारतात २००६ पासून त्याच्या पशुवापरावर बंदी आहे. २०२३ साली ॲसेक्लोफेनॅक आणि कीटोप्रोफेन यांवरही बंदी आली.

सुप्त काससुजीत ट्रायसोडियम सायट्रेटची पूड काही दिवस तोंडावाटे देण्याची पद्धतही दुग्धविकास मंडळाने प्रचारात आणली आहे. गाईच्या वजनाप्रमाणे मात्रा पशुवैद्यकांकडून ठरवून घ्यावी.

नियंत्रण वाफ्याचा प्रश्न

लेपाने गाई बऱ्या झाल्याच्या नोंदी पुष्कळ आहेत आणि त्या खोट्या मानण्याचे कारण नाही. पण खताचा प्रयोग घेताना आपण एक वाफा बिनखताचा ठेवतो. तो नसला तर पीक खताने वाढले की पावसाने, हे कळत नाही. काससुजीतही तसेच आहे. ई. कोलायमुळे झालेल्या सौम्य दुखण्यात गाईची स्वतःची प्रतिकारशक्ती पुष्कळदा दोन-चार दिवसांत जंतूंचा नाश करते. त्या काळात लेप लावला तर यश लेपाला, नळी सोडली तर नळीला आणि मंतरलेला दोरा बांधला तर दोऱ्याला मिळते. होमिओपॅथीच्या थेंबांची आपल्याकडे बरीच विक्री होते. तुलनेसाठी गाई बाजूला ठेवून घेतलेल्या प्रयोगांत त्यांचा भरवशाचा फायदा दिसलेला नाही. कोरफड-हळदीच्या लेपाबद्दल माझे मत एवढेच की तो स्वस्त आहे, योग्य चुना वापरल्यास निरुपद्रवी आहे, हळदीतील व कोरफडीतील द्रव्यांना दाह कमी करण्याचा गुण आहे, आणि दिवसातून दहा वेळा कासेजवळ बसणारा मालक बिघाड लवकर ओळखतो. हा शेवटचा फायदा कोणत्याही नळीत मिळत नाही.

या विषयावर उत्तर अमेरिकेतील एक प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो. तेथे काही गोठ्यांवर सौम्य व मध्यम काससुजीच्या दुधाचे नमुने घेऊन २४ तास जंतू वाढवून पाहिले. जंतू आढळले नाहीत किंवा ई. कोलायच्या गटातले आढळले तर सडात प्रतिजैविक सोडलेच नाही. स्टॅफिलोकॉकस-स्ट्रेप्टोकॉकसच्या गटातले आढळले तरच सोडले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार प्रतिजैविकांचा वापर जवळजवळ निम्म्यावर आला आणि गाई बऱ्या होण्यात लक्षणीय फरक पडला नाही. म्हणजे प्रतिजैविक वाचविले ते कोणत्या औषधाने नव्हे, तपासणीने.

आपल्याकडेही नमुना तपासता येतो. पशुवैद्यकांच्या मार्फत तो पुण्यात औंध येथील राज्य शासनाच्या पशुरोग अन्वेषण विभागाकडे पाठविता येतो. सड धुऊन कोरडा करावा, टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसावे, पहिल्या धारा टाकून नंतरचे थोडे दूध निर्जंतुक बाटलीत घ्यावे व बर्फात ठेवून त्याच दिवशी रवाना करावे. नमुना औषध देण्यापूर्वी घ्यावा. नंतर घेतलेल्या नमुन्यात जंतू वाढत नाहीत आणि खर्च वाया जातो.

सडात काही घालू नये

कोरफडीचा रस, हळदीचे पाणी, तेल, तूप, काडी, पिसाची दांडी, काहीही सडाच्या छिद्रातून आत घालू नये. लेप कासेच्या बाहेरून लावण्यासाठी आहे. घरच्या रसातून बुरशी व नवे जंतू आत जातात आणि बुरशीच्या काससुजीवर प्रतिजैविक चालत नाही, उलट दुखणे वाढते. सडाचे तोंड बंद झाले असेल तर ते पशुवैद्यकांनीच उघडावे.

जुनाट सड

स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू कासेच्या पेशींत घर करतो, त्याच्याभोवती तंतुमय गाठ तयार होते. तेथे लेप पोहोचत नाही आणि प्रतिजैविकही पुरेसे पोहोचत नाही. दर महिन्याला तोच सड उलटत असेल, हाताला आत कडक गाठ लागत असेल, तर त्यावर पैसा घालीत राहण्यात अर्थ नाही. पशुवैद्यकांच्या सल्ल्याने तो सड कायमचा आटवावा आणि त्या गाईची धार सर्वांत शेवटी काढावी. अशी गाय न सांगता बाजारात विकण्याचा मार्ग पुष्कळांना सोपा वाटतो. ती शेजारच्याच तालुक्यात जाते, आणि तिच्याबरोबर जंतू दुसऱ्याच्या गोठ्यात. घेणाऱ्याने खरेदीपूर्वी वर दिलेली धुण्याच्या पावडरीची चाचणी बाजारातच करून पाहावी. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

गोठा आणि हात

धार काढताना अंगठा दुमडून सड ओढण्याची पद्धत सोडून पूर्ण मुठीने धार काढावी. अंगठ्याच्या हाडाने सडाला आतून इजा होते. बोटे दुधात बुडवून ओली करण्याची सवय तर पूर्ण बंद करावी. प्रत्येक गाईला वेगळे कापड ठेवावे.

धार संपल्यावर सडाचे छिद्र अर्धा ते एक तास उघडे राहते. त्या वेळात गाय ओल्या जागेवर बसली की शेणातले जंतू थेट आत. म्हणून धारेनंतर लगेच वैरण टाकावी, खाण्यासाठी गाय उभी राहते. प्रत्येक सड धारेनंतर पोव्हिडोन आयोडीनच्या सौम्य द्रावणात बुडवावा. पाच टक्क्यांच्या एका भागात नऊ भाग पाणी घालून अर्धा टक्का द्रावण होते. त्यात थोडे ग्लिसरीन घातल्यास सडाला चिरा पडत नाहीत. हे द्रावण रोज ताजे करावे. माझ्या मते साऱ्या लेखातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी गोष्ट हीच, आणि ती करणारे गोठे सर्वांत कमी.

बैठक कोरडी ठेवावी. उजनीच्या पाण्यावरील भागात उसाचे पाचट मुबलक मिळते, ते पावसाळ्यात अंथरून ओले झाले की लगेच बदलावे. पशुखाद्याबरोबर दररोज ५० ग्रॅम क्षार मिश्रण द्यावे. जस्त, तांबे, सेलेनियम व ई-जीवनसत्त्व यांच्या कमतरतेत गाईची प्रतिकारशक्ती घटते. हिरव्या चाऱ्याचा तुटवडा असलेल्या उन्हाळ्यात याकडे विशेष लक्ष द्यावे.

गाय आटविल्यानंतरचे पहिले दोन आठवडे आणि विण्यापूर्वीचे दोन आठवडे हा नव्या लागणीचा मोठा धोक्याचा काळ असतो. या दिवसांत धार नसल्यामुळे कोणी कासेकडे पाहत नाही. रोज एकदा कासेवरून हात फिरवून चारही कप्पे सारखे मऊ आहेत का, एखादा गरम लागतो का, हे पाहावे. मात्र दूध कसे आहे हे पाहण्यासाठी आटलेला सड पिळू नये. सडाच्या टोकाशी तयार झालेले नैसर्गिक बूच त्यामुळे निघून जाते आणि वाट पुन्हा मोकळी होते.